काटाबाईंची पडताळणी

वजनमापे निरीक्षक बाईंना सगळा बाजार त्यांच्या माघारी काटाबाई म्हणायचा. बाईंना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तराजूचा काटा म्हणा नाहीतर पायात मोडणारा, दोन्हीत त्यांना कमीपणा वाटत नव्हता. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खालून पोखरलेली, शिसं काढलेली, घासून गुळगुळीत केलेली इतकी वजनं जप्त केली होती, की समोरचा माणूस किती ग्रॅमने खोटा आहे हे आपल्याला नुसत्या नजरेने कळतं अशी त्यांची खात्री झाली होती. खरा माणूस त्यांच्या मते अजून जन्माला यायचा होता. म्हणजे एक आला होता, पण स्वतःचं नाव स्वतः कसं घ्यायचं?

त्या मंगळवारी सकाळी बाई आपल्या मुलीला घेऊन लिव्हरच्या दवाखान्यात बसल्या होत्या आणि समोरच्या बाकावरच्या लोकांना मनातल्या मनात तोलत होत्या. एका गृहस्थांचं पोट मांडीवर येऊन बसलं होतं आणि त्या पोटावर त्यांनी रिपोर्टांची फाइल टेकवली होती. एक बाई पदराआड बिस्किटं खात होत्या. भिंतीवर लिव्हरचं भलंमोठं रंगीत चित्र होतं, त्याखाली लिहिलं होतं, 'तपासणीआधी तीन तास काहीही खाऊ नये.' बिस्किटवाल्या बाई ते वाचत वाचत खात होत्या. काटाबाईंनी नाक मुरडलं. तीन तास तोंड बंद ठेवता येत नाही आणि म्हणे लिव्हर बरं करायचंय.

"आई, बघू नकोस तशी," मुलगी म्हणाली.

"कशी?"

"जप्त केल्यासारखी."

मुलगी चोवीस वर्षांची होती. घरात तिला छकुली म्हणत, आणि आता ते नाव तिच्या अंगाला बसेनासं झालं होतं, कारण छकुली चांगली गोल गरगरीत होती. एका बस कंपनीत ती वेळापत्रकं आखायची. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबेल हे तिच्या पेन्सिलीवर ठरायचं. कंपनीने आता तिला पाच तासांवरच्या शहरात बढतीवर पाठवायचं ठरवलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं होतं.

बाईंचा त्याला साफ नकार होता. कारण एकच. आई आणि मुलगी, दोघींच्याही रक्तात हिपॅटायटीस बीचा विषाणू होता. मुलगी जन्मली तेव्हा बाईंना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नव्हता. दोन महिन्यांनी बाईंचे डोळे पिवळे झाले, रक्त तपासलं, तेव्हा कळलं, आणि तोवर तो पोरीच्या अंगात जाऊन बसला होता. जन्मल्याबरोबर टोचायची लस टोचायची राहून गेली होती. याबद्दल कोणी बाईंना एका शब्दाने बोललं नाही. बाई स्वतःला जे बोलल्या ते चोवीस वर्षं बोलत होत्या, आणि ते कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून इतरांना मोठ्याने बोलत होत्या.

तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर विश्रांती घ्या. बाहेर औषधं बांधून देणाऱ्या कंपाउंडरने त्यात आपल्या पदरची भर घातली: लिव्हरला तेल म्हणजे विष आणि ग्लुकोज म्हणजे अमृत. महिना कधीच संपला, डॉक्टर गेले, कंपाउंडर गेला, पण त्याचं वाक्य बाईंच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलं. तेव्हापासून त्या घरात तेल फक्त एका कामाला वापरलं गेलं, ते म्हणजे बाईंनी डोळ्यांत घालून सगळ्यांच्या ताटांवर पहारा करायला. भाज्या उकडलेल्या. अंडी उकडलेली. नवऱ्याचा चेहरासुद्धा हळूहळू उकडल्यासारखा दिसायला लागला. तो गरीब बिचारा आठवड्यातून दोनदा बहिणीकडे 'तब्येत विचारायला' जायचा आणि ओठ पुसत परत यायचा. आणि रोज सकाळी सहाला आई आणि मुलगी, दोघींसाठी स्टीलचे दोन उंच ग्लास. कोमट पाणी आणि त्यात ग्लुकोजची पावडर, चमचा शिगोशीग भरून चार. दुपारी पुन्हा. ऑफिसातून आल्यावर पुन्हा.

बाईंना या ग्लासाचा फार अभिमान होता. डॉक्टर विचारायचे, काय खाता? बाई सांगायच्या, तेलाचा थेंब नाही. ग्लुकोजचं त्या कधी बोलल्या नाहीत. ते खाणं थोडंच होतं? ते औषध होतं.

एवढं सगळं करून बाई स्वतः लग्नात होत्या तशाच अठ्ठेचाळीस किलोच्या राहिल्या, आणि मुलगी फुगत गेली. याचा अर्थ सरळ होता. मुलगी बाहेर खाते. तळलेलं खाते. चोरून खाते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनीच आरसा देऊ केला. त्या म्हणाल्या, विषाणू एकीकडे आणि लिव्हरमध्ये चरबी एकीकडे, असं दोन्हीकडून ओढलं की लिव्हर लवकर थकतं, तर छकुलीची चरबी एकदा मोजून घेऊ. पूर्वी यासाठी बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरचा तुकडा काढावा लागायचा. आता नुसतं एक यंत्र वरून टेकवायचं, ते आकडा सांगतं.

आकडा म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. त्याच दिवशी घरी आल्यावर त्यांनी मुलीशी करार केला. चरबी निघाली तर मुलीने बढती सोडायची आणि घरात आईच्या नजरेखाली राहायचं. नाही निघाली तर मुलगी जाईल आणि आईने एक शब्द बोलायचा नाही. हे त्यांनी कोऱ्या पंचनाम्याच्या पाठीवर लिहून काढलं, दोघींच्या सह्या घेतल्या आणि पंच म्हणून नवऱ्याची घेतली. नवऱ्याने न वाचता सही केली. लग्नापासून त्याची तीच पद्धत होती.

तो कागद आत्ता बाईंच्या पर्समध्ये होता.

"छकुली, खरं सांग," बाई म्हणाल्या. "अजून वेळ गेलेली नाही. आत जाऊन शोभा होण्यापेक्षा इथेच कबूल कर."

"काय कबूल करू?"

"कँटीनमध्ये काय खातेस ते."

"जेवते."

"तेलातलं?"

"आई, जगात सगळे तेलातलंच जेवतात."

"म्हणून तर जग असं आहे," बाई म्हणाल्या आणि मांडीवर पोट घेऊन बसलेल्या गृहस्थांकडे त्यांनी हनुवटीने दाखवलं. गृहस्थांनी फाइल आणखी वर ओढून घेतली.

तेवढ्यात आतून नंबर पुकारला.

यंत्राची खोली लहान होती. एक पलंग, त्यावर कागदी चादर, बाजूला चाकांच्या गाड्यावर पडदा आणि त्याला वायरने जोडलेली जाड पेनासारखी कांडी. ते चालवणारा माणूस पन्नाशीचा होता, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर शाईचा डाग होता. बाईंनी आधी तो डाग पाहिला. ज्याला स्वतःचं पेन सांभाळता येत नाही त्याच्या हातात लोकांची लिव्हरं द्यायची म्हणजे कमालच. मग त्या यंत्राकडे वळल्या. कांडीच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी त्यांनी चष्मा लावून वाचली: शेवटची पडताळणी गेल्या महिन्यात, पुढची पुढच्या वर्षी. सही होती. सील शाबूत होतं. बाईंनी मनातल्या मनात यंत्र पास केलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांना माणसांपेक्षा यंत्रांनी कमी फसवलं होतं.

"मॅडम, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल," मशीनवाला म्हणाला.

"मला चालणार नाही," बाई म्हणाल्या.

छकुली पलंगावर उताणी झोपली. उजवा हात डोक्याखाली घेतला. मशीनवाल्याने तिच्या बरगड्यांमध्ये गार जेल लावलं आणि कांडी टेकवली. कांडीने आतून टिचकी मारल्यासारखा ठोका दिला. पुन्हा ठोका. पुन्हा. पडद्यावर रेषा उमटत होत्या.

"हा ठोका आत जातो," मशीनवाला सांगू लागला. लोकांना समजावून सांगायची त्याला हौस होती. "किती वेगाने जातो त्यावरून लिव्हर किती कडक झालंय ते कळतं. आणि जाताना किती विरतो त्यावरून चरबी कळते. चरबी जास्त तर तो जास्त विरतो. असे दहा घ्यायचे, मधला आकडा धरायचा."

"एकाच मापाने कोण समाधान मानतं? दहा घ्यायलाच हवेत," बाई म्हणाल्या. दहा मोजण्या ऐकून त्यांचं या माणसाबद्दलचं मत तोळाभर सुधारलं होतं.

दहावा ठोका झाला. मशीनवाल्याने चष्मा नाकावर ओढला.

"छान. कडकपणा नाही. चरबीचा आकडा दोनशे बारा. नॉर्मल आहे. अडीचशेच्या खाली म्हणजे आम्ही नॉर्मलच धरतो. बाकी डॉक्टरीणबाई सांगतील."

छकुलीने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. डोक्यावरची दगडांची पाटी कोणी उतरवून घ्यावी तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. पोरीचं लिव्हर स्वच्छ होतं. ज्या एका गोष्टीसाठी चोवीस वर्षं भाज्या उकडल्या ती गोष्ट साधली होती. आणि बाईंना काय झालं? राग आला. असा राग आला की हातातली पर्स त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली.

"हे शक्य नाही," त्या म्हणाल्या.

"का, मॅडम?"

"ही बघा की. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"वरून काही कळत नाही हो," मशीनवाला म्हणाला. "म्हणून तर मशीन."

"मशीन चुकलंय."

इथे बाईंना एक गोष्ट आठवायला हवी होती, पण नाही आठवली. वजन कमी भरलं की दुकानदार काट्याला शिव्या घालायचे, तेव्हा हीच बाई त्यांना सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सुनावायची, नाचता येईना अंगण वाकडं. आज अंगण बाईंना वाकडं दिसत होतं.

"आई," छकुली उठून बसत म्हणाली, "पट्टी तूच वाचलीस ना?"

"पट्टी कोणीही चिकटवतं. काटा खरा की खोटा हे पट्टीवरून ठरत नाही. माहीत असलेलं वजन ठेवून ठरतं." बाई मशीनवाल्याकडे वळल्या. "आम्ही दुकानात जातो तेव्हा आमच्याबरोबर मानक वजनांची पेटी असते. पितळी वजनं, मखमलीत ठेवलेली. हातसुद्धा लावत नाही, चिमट्याने उचलतो. एक किलोचं मानक वजन काट्यावर ठेवायचं. काट्याने एक किलो दाखवलं तर काटा खरा. नाही दाखवलं तर काटा खोटा. तुमच्याकडे आहे असं काही?"

"ते कंपनीवाले करतात, मॅडम. वर्षातून एकदा."

"म्हणजे नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या आणि पलंगापाशी आल्या. "ऊठ गं. माझ्यावर लावा."

मशीनवाला गोंधळला. "तुमचं नाव नाहीये यादीत. डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं नाही."

"मला तपासू नका. मशीनला तपासा. चोवीस वर्षं मी तेलाचा थेंब पोटात घातलेला नाही. माझ्यात चरबी असूच शकत नाही. पूर्वी सुई घालून तुकडा काढला होता माझा, रिपोर्ट घरी आहे, चरबी नाही असं स्वच्छ लिहिलंय. मी म्हणजे माहीत असलेलं वजन. माझ्यावर तुमचा आकडा तळाशी गेला तर मशीन खरं. नाही गेला तर मी लेखी तक्रार करणार."

लेखी तक्रार म्हटल्यावर भलेभले बाजारात घाम पुसायचे. मशीनवाल्याने दार उघडून बाहेर डोकावलं. पुढचा नंबर बिस्किटवाल्या बाईंचा होता आणि त्यांच्या पदरावर चुरा होता. त्यांना त्याने तीन तासांनी यायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. वेळ तसाही मिळालाच होता.

"काही खाल्लंय तुम्ही?"

"मी?" बाई तुच्छतेने हसल्या. "सकाळी सहाला माझं ग्लुकोज घेतलंय, बास."

"किती?"

"रोजच्यासारखं. ग्लासभर."

मशीनवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा वाजत होते. "तीन तास होऊन गेलेत. झोपा."

छकुली भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा गेला होता. "आई, नको," ती म्हणाली.

"का? भीती वाटते? खोटा काटा उघडा पडला की सगळ्यांनाच वाटते."

बाई झोपल्या. उजवा हात डोक्याखाली गेला. बरगड्या इतक्या वर आलेल्या होत्या की मशीनवाल्याला जागा शोधावीच लागली नाही. जेल गार होतं. पहिला ठोका बसला तेव्हा बाईंनी छताकडे पाहत मनात एक म्हटलं. दोन. तीन. चौथ्याला मशीनवाल्याने कांडी उचलून पुन्हा टेकवली. सहाव्याला त्याने चष्मा काढून शर्टाने पुसला. दहावा झाल्यावर तो पडद्याकडे वाकला.

"किती?" बाईंनी विचारलं.

"आणखी पाच घेऊ का?"

"घ्या. पण आधी आकडा सांगा."

"तीनशे अठरा," मशीनवाला म्हणाला.

बाई तशाच झोपून राहिल्या. तीनशे अठरा हा आकडा त्यांच्या डोक्यात शिरला, पण बसायला त्याला जागा सापडेना.

"बघितलंत?" त्या शेवटी म्हणाल्या. "म्हटलं होतं ना. खोटं आहे तुमचं मशीन."

मशीनवाल्याने वाद घातला नाही. त्याने आणखी पाच ठोके घेतले. आकडा तीनशे सोळावर आला. मग त्याने कांडी पुसून खाली ठेवली, आपल्या शर्टाची बटणं सोडली, उभ्याउभ्याच स्वतःच्या बरगड्यांत जेल लावलं आणि बाईंना पडदा दिसेल असा फिरवला. "नियमात बसत नाही, आणि उभ्याने घेतलेलं माप बरोबरही येत नाही. पण अंदाज येईल. माझं गेल्या आठवड्यात दोनशे तीस आलं होतं." त्याने तीन ठोके घेतले. पडद्यावर दोनशे सव्वीस, दोनशे चौतीस, दोनशे एकोणतीस उमटलं.

बाई उठून बसल्या. जेल पुसायचं राहिलं होतं, ब्लाउजला लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी बारीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"बारीक माणसातही असते, मॅडम. आम्ही रोज बघतो."

"मी तेल खात नाही."

"तुम्ही ग्लुकोज म्हणालात ते रोज घेता?"

"दिवसातून तीनदा. चार चार चमचे."

"किती वर्षं?"

उत्तर छकुलीने दिलं. "माझं वय आहे तितकी."

मशीनवाला काही बोलणार होता, पण एकदा मुलीकडे आणि एकदा आईकडे बघून तो पडद्याकडे वळला. शहाणा माणूस होता, डाग होता तरी.

"साखरेची चरबी होते, आई," छकुली म्हणाली. "शरीर जास्तीची साखर लिव्हरमध्ये नेऊन तिची चरबीच करतं. मी चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. तेव्हाच येऊन तुला सांगितलं."

"कधी सांगितलंस?"

"तू ओट्यापाशी उभी होतीस. तू म्हणालीस, तुझ्या जिभेला चटक लागलीय म्हणून अमृत कडू लागतं. मग मी सांगायचं सोडलं. आणि प्यायचंही सोडलं."

"रोज तुझा ग्लास रिकामा असतो."

"मोरीत ओतते."

बाईंच्या डोळ्यांपुढे मोरी आली. चार वर्षं त्या मोरीच्या जाळीभोवती मुंग्यांची रीघ लागत होती. बाईंनी औषध मारणाऱ्याला सहा वेळा बोलावलं होतं आणि सहाही वेळा त्याला कामचुकार, भेसळखोर आणि चोर ठरवून हाकललं होतं. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला घाणेरडी म्हटलं होतं. सहाव्यांदा तो औषधवाला हात जोडून म्हणाला होता, बाई, तुमच्या घरातच काहीतरी गोड सांडतंय. बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. गोड, आणि आपल्या घरात?

त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. तेल त्यांनी थेंबाथेंबाने मोजलं होतं. दुसऱ्यांच्या ताटातलं, दुसऱ्यांच्या पोटातलं, बाकावर बसलेल्या परक्या माणसांचंसुद्धा. चमचा मात्र शिगोशीग भरला होता आणि कधी मोजला नव्हता, कारण मोजायचं असतं ते लबाडांचं.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती आता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हलेना. मघाशी दोनशे बारा ऐकून त्यांना राग आला होता. पोरीच्या अंगात चरबी निघावी, रोग वाढलेला निघावा, असं त्यांना खरोखर वाटत होतं. आईला. का, तर पोर घरात राहावी आणि आपलं खरं ठरावं. आजपर्यंत जप्त केलेल्या एकाही वजनाची त्यांना इतकी किळस आली नव्हती.

"तुला वाईट वाटलं ना, माझं चांगलं आलं तेव्हा?" छकुलीने विचारलं. तिच्या बोलण्यात डंख नव्हता. वेळापत्रकात गाडी किती उशिरा येते ते विचारावं, तसं तिने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या.

छकुलीने टेबलावरचा टिश्यू पेपर घेतला आणि आईच्या बरगड्यांवरचं जेल पुसलं. नीट पुसलं. बाईंनी पुसू दिलं. मग त्यांनी हात लांब करून पर्स ओढली, आतून पंचनाम्याचा कागद काढला आणि मुलीच्या हातात दिला.

"एक तारखेला गाडी कितीची?"

"सहा चाळीसची."

"मी येईन स्टँडवर."

"एक शब्द बोलायचा नाही, असं लिहिलंय यात."

"नाही बोलणार. उभी राहीन."

मशीनवाल्याने खाकरून घसा साफ केला. "मॅडम," तो आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं नाव मी टाकलेलं नाही. नुसती चाचणी म्हणून घेतलं होतं. तुम्ही म्हणत असाल तर पुसून टाकतो. नोंद करायलाच पाहिजे असं नाही. कुणाला कळणारही नाही."

त्याने ते चांगुलपणानेच म्हटलं होतं. पण हे वाक्य बाईंच्या फार ओळखीचं होतं. अठ्ठावीस वर्षं लोक गल्ल्यामागून वाकून हेच म्हणत आले होते. मॅडम, नोंद करू नका. मॅडम, एवढ्या वेळेला जाऊ द्या. मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं हो. त्या 'माहीत नव्हतं'वाल्यांवर बाई सगळ्यात जास्त भडकत. रोज हातात घेतो ते वजन आणि म्हणे माहीत नव्हतं. त्यांना आज पहिल्यांदा कळलं की त्यांतले काही जण खरं बोलत असतील.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. "नोंद करा."

मशीनवाल्याने नोंदवही पुढे ओढली. नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. वय विचारलं, बावन्न. वजन, अठ्ठेचाळीस. आजार, हिपॅटायटीस बी. आहार, आणि इथे बाई म्हणाल्या, "ग्लुकोज, दिवसाला बारा चमचे, शिगोशीग. तसंच लिहा." तो लिहीत गेला. छकुली चपला आईच्या पायांजवळ सरकवत होती.

"यापूर्वीची लिव्हरची तपासणी? ती सुईची?"

"हो. तीच एक."

"कधी झाली होती?"

मानक वजनाचीही पडताळणी करावी लागते. दर दोन वर्षांनी ते वरच्या कार्यालयात नेऊन आणखी खऱ्या वजनाशी ताडून घ्यावं लागतं, आणि मुदत टळली तर ते पेटीत कितीही चमकत असो, त्याच्या जोरावर कोणालाही खोटं ठरवता येत नाही. नव्याने रुजू झालेल्यांना बाई हा नियम पहिल्याच दिवशी पाठ करायला लावत.

"बावीस वर्षांपूर्वी," बाई म्हणाल्या. "मुदत टळून वीस वर्षं झाली. तेही लिहा."